जंबेरीवरचा मोती

झीरो माइलच्या गावातल्या माणसाला समुद्र कुठूनही लांबच. आम्हाला तो सापडला थेट ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला. दादा पर्थला असतो. त्यानं ब्रूमची विमानाची तिकिटं काढली, तिथं भाड्यानं गाडी घेतली आणि आम्ही सहा जण सिग्नेट बेच्या मोतीशेतीकडे निघालो. अंतर साधारण 200 किलोमीटर.

हा रस्ता 2020 मध्ये पूर्ण डांबरी झाला. दोन्ही बाजूंची माती इतकी लाल, की काळ्या मातीवर पोसलेल्या डोळ्यांना खुपते. चहाची टपरी नाही, मोबाइलला रेंज नाही. वहिनीनं थालीपिठं काढली तेव्हा कुठं पोट्टे गप्प झाले. वाटेत बीगल बेचं चर्च पाहिलं. त्याची वेदी शिंपल्यांनी मढवलेली.

मोतीशेती ब्राउन घराण्याची, 1946 पासूनची. तेव्हा धंदा शिंपल्यांचा. सदऱ्याची बटणं त्यांचीच व्हायची. मोती नंतर आले.

आईची पक्की समजूत, स्वाती नक्षत्रातला थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. मी म्हटलं, "थेंब नाही गं, वाळूचा कण." गाइड मुलीनं दोघांनाही नापास केलं. ताटलीएवढा जिवंत शिंपला तिनं पाचर घालून बोटभर उघडला. आत बारीक चीर द्यायची, गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचा घडवलेला मणी ठेवायचा आणि त्याला दुसऱ्या कालवाच्या कातडीचा इवलासा तुकडा चिकटवायचा. तो तुकडा वाढून मण्याभोवती पिशवी करतो आणि थरावर थर चढवतो. वेळ, दोनेक वर्षं.

दादा भाषांतर करत होता. आई मध्येच म्हणाली, "अरे, म्हणजे कलमच न! जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात तसं." आईचं माहेर संत्र्यांच्या काटोलचं. त्यानंतर तिला भाषांतर फारसं लागलं नाही.

बाहेर आलो तर सकाळचा समुद्र गायब, नुसता चिखल. इथली भरती-ओहोटी 10 मीटरच्या वर जाते म्हणे.

दुकानात आईनं कानातली आजीची कुडी काढून दातावर घासली. मग काउंटरवरचा मोती उचलून तोही घासला. विकणारी बाई बघतच राहिली.

"सारखंच किरकिरते रे."

"दोन्ही खरेच आहेत, आई. खोटा असता तर गुळगुळीत लागला असता."

तिनं चिठ्ठीवरची किंमत मला वाचायला लावली, रुपयांत करून मागितली, मोती जागेवर ठेवला आणि कुडी परत कानात अडकवली.