नोंद ९: मुठीजवळच्या एका इंचाचा निकाल

काल रात्री काथ्याच्या दोरीचे साठ तुकडे पाडले, सगळे ट्रेकच्या सुरीच्या मुठीला लागून असलेल्या धारेच्या एका इंचाने. मग त्याच इंचाने वर्तमानपत्राचं पान उभं चिरलं. कुठेही अडकलं नाही, फाटलं नाही. अडीच महिने ज्या इंचाने माझी झोप उडवली होती, तो आता अख्ख्या पात्यातला सगळ्यात भरवशाचा भाग झालाय. म्हणून आज हे लिहायला बसलो.

मागच्या नोंदीत ट्रेकला न्यायच्या सुरीची निवड तिघींवर आली होती: मोरा या स्वीडिश कंपनीची स्टेनलेस कंपॅनियन, घरातली भाजीची छोटी सुरी, आणि मावळातल्या आठवडी बाजारात बसणाऱ्या लोहारकाकांकडून गाडीच्या जुन्या पाट्यातून (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून) घडवून घेतलेली सुरी. भाजीची सुरी राजगडावर पहिल्याच संध्याकाळी बाद झाली. कांद्याला उत्तम, पण वाळकी काठी तासायला घेतली तर पातं लवतं आणि ओल्या हातात मूठ फिरते. त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी गोष्ट लोहारकाकांच्या सुरीची. पातं ९५ मिमी, रुंदी २६, पाठीची जाडी ४, मूठ बाभळीची. घेतली तेव्हा धारेचा उतार, म्हणजे धारेकडे निमुळता होत जाणारा भाग, जेमतेम ६ मिमी होता, म्हणजे दोन्ही बाजू मिळून कोन साधारण ३७ अंश. कोयत्याला तो चालतो, कांद्याला नाही; कांदा चिरला जात नाही, फुटतो. म्हणून मी उतार साडेनऊ मिमीपर्यंत वर नेला आणि कोन २४ अंशांच्या आसपास आणला. त्या नोंदीत लिहिलं होतं की मुठीकडे कानस लोण्यासारखी चालली आणि टोकाकडे मात्र डायमंड प्लेट घेऊन तीन संध्याकाळी घासावं लागलं. अडचण काय आहे हे पातं तेव्हाच सांगत होतं, मला ते ऐकू आलं नाही.

ऐकू आलं ते पद्मावती माचीवर. तंबूच्या खुंट्या करायला घरून वाळक्या बांबूची काठी नेली होती (गडावरचं काही तोडायचं नाही, हा आपला नियम आहेच). जोर लावून तासायचं तर आपण टोक वापरत नाही, मुठीजवळचा भाग वापरतो, कारण तिथे मनगटाची ताकद सरळ उतरते. दुसऱ्याच खुंटीला सुरी घसरायला लागली. धारेवरून नख आडवं फिरवलं तर उजव्या बाजूला नख अटकत होतं, डाव्या बाजूला गुळगुळीत. धार तुटली नव्हती, वळली होती. चामड्याच्या पट्ट्यावर ओढून सरळ केली, पुढच्या खुंटीला पुन्हा वळली. टोकाकडचे दोन इंच मात्र पुण्याहून निघताना होते तसेच्या तसे.

घरी आल्यावर जुनी बारीक कानस घेऊन धारेच्या बाजूने हलक्या हाताने फिरवली. टोकापासून सुरुवात केली तर काचेवरून घसरावी तशी सरकत गेली. मुठीपासून तीन सेंटिमीटरवर आवाज बदलला. सर्रकन सरकणं थांबून खर्र झालं आणि कानशीच्या दातांत चकचकीत भुसा दिसला. मार्करने तिथे रेघ मारली. रेघेच्या पुढे कडक पोलाद, रेघेच्या मागे मऊ.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सुरी घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी रेघ बघितली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, तिथवरच पाणी दिलंय मी. कोयत्याला मुठीपाशी कडक पाणी दिलं तर पहिल्याच घावाला मोडंल की." (पाणी देणं म्हणजे लालबुंद पोलाद एकदम विझवून कडक करणं.) आणि ते बरोबर होतं. कोयत्याचा घाव पुढच्या भागाने बसतो आणि हादरा मुठीशी येतो, म्हणून तिथे पोलाद मऊच हवं. आयुष्यभर कोयते, विळे, कुऱ्हाडी घडवणाऱ्या माणसाने सुरीही त्याच हिशेबाने पाजली. मला काय हवंय हे मी नीट सांगितलं नव्हतं. नवीन कोणी लोहाराकडून करून घेणार असेल तर एवढं लक्षात ठेवा: माप आणि आकार सांगून भागत नाही, सुरी कुठल्या भागाने आणि कशावर चालणार तेही सांगावं लागतं.

आधी विचार होता की मऊ भाग कापून तिथे बोटासाठी खाच करावी. कागदावर आखूनही बघितली. पण मग जोराचं काम मुठीपासून तीन सेंटिमीटर पुढे सरकतं आणि हातातली अर्धी ताकद वाया जाते. तो बेत सोडला. पुन्हा पाणी द्यायचं ठरलं, या वेळी अख्ख्या पात्याला आणि तेलात. पाट्याचं पोलाद पाण्यात विझवलं तर तडकू शकतं, आणि इथे तर धार आधीच पातळ केलेली. काकांना तेलाची कल्पना फारशी पटली नव्हती, पण भाता त्यांनी आनंदाने दिला.

पितळी रिव्हेट ड्रिलने काढून मूठ उतरवली. स्टीलच्या उभ्या डब्यात दोन लिटर शेंगदाणा तेल घेऊन कोमट केलं. शेजारी झाकण आणि वाळूची बादली ठेवली, कारण पातं आत जाताना तेल भडकतं. आधी तीनदा नुसतं तापवून हवेत थंड होऊ दिलं, घडवताना पोलादात राहिलेला ताण जावा म्हणून. चौथ्या वेळी चुंबक लावून बघत होतो. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला ओळखेनासं होतं. त्यानंतर आणखी थोडं, पिकलेल्या संत्र्याच्या रंगापर्यंत. काकांना चुंबक लागला नाही. मी लावायच्या आधी ते "आता" म्हणाले आणि चुंबक खरोखरच चिकटला नाही. सांडशीने धरून टोक खाली ठेवून सरळ आत सोडलं. हात डावी-उजवीकडे अजिबात हलवला नाही, फक्त धारेच्या दिशेने पुढे-मागे.

बाहेर काढल्यावर कानस लावली. टोकापासून मुठीपर्यंत एकच आवाज, सर्रकन. तो आनंद अर्धा मिनिट टिकला. पाठीवरून डोळा लावून बघितलं तर पातं डावीकडे वाकलेलं. सपाट काचेवर ठेवलं तर मधोमध दीड-दोन मिलिमीटर उजेड दिसत होता.

सगळ्यात जास्त वेळ या वाकाने खाल्ला, म्हणून तो सविस्तर सांगतो. तेलातून निघाल्यावर पातं गरम असतानाच जाड हातमोजे घालून दाबलं असतं तर कदाचित सरळ झालं असतं. ते काही सेकंद मी कानशीत घालवले. थंड झालेल्या कडक पात्यावर हातोडा मारला तर ते काचेसारखं फुटतं. उरला उपाय उतरवणीचा, म्हणजे कडकपणा थोडा उतरवायला मंद आचेवर तापवतो तेव्हाच वाक काढायचा. बोहरी आळीतून जाड चौकोनी लोखंडी पट्टी आणली. पात्याची पोकळ बाजू तिच्यावर टेकवली, दोन्ही टोकांना पट्टी आणि पातं यांच्यामध्ये एकेक रुपयाचं नाणं सरकवलं आणि मधोमध सी-क्लॅम्पने इतकं आवळलं की पातं सरळ होऊन किंचित उलट्या बाजूला गेलं. ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन तास.

ओव्हनचं बटण काय म्हणतंय यावर जाऊ नका. आमच्या ओटीजीत बटण १८० वर असताना आत ठेवलेला थर्मामीटर २०० च्या वर दाखवत होता, आणि आच दर काही मिनिटांनी वर-खाली होत होती. ट्रेमध्ये वाळूचा थर घातल्यावर ती स्थिर झाली. आईने दोन दिवस ओव्हन माझ्या ताब्यात दिला, त्याबद्दल तिचे आभार इथेही मानतो.

पहिल्या फेरीनंतर वाक निम्मा राहिला. दुसऱ्या फेरीला प्रत्येक टोकाला दोन-दोन नाणी घातली. सकाळी क्लॅम्प सोडला, पातं काचेवर ठेवून खालून मोबाइलचा टॉर्च धरला. उजेड दिसला नाही. पाठ घासून पॉलिश केलेल्या जागी वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग आला होता, म्हणजे उतरवणी हवी तिथेच थांबली. निळा आला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

तरी पहिल्यांदा धार लावल्यावर ती पुन्हा मऊच वाटली आणि मी हादरलो. कारण साधं निघालं. भट्टीत वरच्या थरातलं कार्बन जळून जातं, आणि पातळ धारेत तो थरच जास्त असतो. धार पाव मिमी मागे घासली तेव्हा खालचं चांगलं पोलाद लागलं. ४०० आणि १००० ची प्लेट, मग जुन्या कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला हिरवं पॉलिश लावून वीस हात. कालची दोरी त्यानंतरची. आज सकाळी वाळक्या बांबूच्या चार खुंट्याही केल्या, सगळं तासकाम मुठीजवळच्या इंचाने. नख दोन्ही बाजूंनी सारखं फिरतंय.

आता मोराबद्दल, कारण निवडीचा प्रश्न अजून उभा आहे. ज्याला भट्टी, तेल, ओव्हन यात पडायचं नाही त्याने डोळे झाकून स्टेनलेस कंपॅनियन घ्यावी. अडीच मिमी जाडी, १२सी२७ जातीचं स्टेनलेस पोलाद, पावसात भिजलेल्या हातातही न सटकणारी मूठ, म्यानाला खाली पाणी निघायला भोक. पातं मुठीत शेवटपर्यंत जात नाही ही तक्रार नेहमी येते. पण आपण सह्याद्रीत ओंडके फोडत नाही. आपलं काम कांदा-टोमॅटो, दोरी, खुंटी, मॅगीचं पाकीट, कधी बुटाचा सुटलेला तळ. त्याला जाडी लागत नाही, पातळ धार लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या नक्षीदार ‘डमास्कस’ सुऱ्यांवर पैसे घालवू नका. माझ्या मित्राने घेतलेल्या सुरीची नक्षी पॉलिश पेपरच्या चार हातांत निघून गेली.

पाट्याच्या पोलादाला गंज चढतो, त्यावर चिंच कामी आली. चिंचेचा कोळ पात्याला लावून अर्धा तास ठेवला, धुतला, असं तीनदा. करडा-काळा थर बसलाय आणि तांबडा गंज त्यावर सहजी धरत नाही. वर खोबरेल तेलाचं बोट. पण चामड्याचं म्यान पावसाळ्यात ओल धरून ठेवतं, गेल्या वेळी दोन दिवसांत त्याच्या आतच ठिपके पडले. म्यानासाठी कायडेक्स (तापवून आकार देता येणारं प्लास्टिक) मागवायचं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिता गच्चीवरच्या प्लंबिंगचा उरलेला पीव्हीसी पाइप आठवला. उभा चिरून, हीट गनने मऊ करून, पात्याभोवती दाबून म्यान होतं. खिडक्या उघड्या हव्यात आणि पाइप जळू द्यायचा नाही, धूर विषारी असतो. कायडेक्सची ऑर्डर थांबवतो, आधी हे करून बघतो.

पुढची चाचणी रतनगडावर घ्यायची होती, ती रद्द. तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरीचं नाव आहे, आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. भीमाशंकर आणि वासोट्यालाही तेच लागू. नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदीची मर्यादा शस्त्र नियमांतली, तिच्यात आपली सुरी आरामात बसते, पण अभयारण्याची अट वेगळी आहे. तिथे जाताना कांदा घरूनच चिरून नेतो, सुरी घरी.

म्हणून आता तोरणा. म्यान झालं, मूठ ॲरल्डाइट आणि नव्या रिव्हेटने पक्की बसली की निघायचं. बरोबर मोरा पण नेतोय, एकाच काठीच्या चार खुंट्या हिने आणि चार तिने. आणि जाताना वाटेत काकांकडे थांबून त्यांना सुरी हातात द्यायची आहे. कानस त्यांनी स्वतः फिरवून बघायला हवी.