फळ्यावरच्या उभ्या रेघा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे आमंत्रण हाती पडले आणि इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर ओढलेल्या उभ्या रेघा डोळ्यांपुढे आल्या. लांबलचक शब्द दिसला की आम्ही त्याची अक्षरे घोकू लागायचो, बाई म्हणायच्या, "आधी फोड करा, मग पाठ करा." फोड दोन प्रकारची असते, एक तोंडाची आणि दुसरी अर्थाची, हे त्यांनी ज्या दिवशी दाखवले तो तास मला जसाच्या तसा आठवतो.

'हेलिकॉप्टर' या शब्दाची फोड करण्यासाठी त्यांनी मला फळ्यापाशी बोलावले. मी 'हेलि' आणि 'कॉप्टर' यांच्यामध्ये रेघ ओढली. बाईंनी साऱ्या वर्गाला टाळ्या वाजवत शब्द म्हणायला लावला: हे-लि-कॉप्-टर. टाळ्या चार पडल्या, म्हणजे स्वरही चार आणि सिलॅबलही, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडेही, चार. मग माझी रेघ पुसून त्यांनी 'ओ' आणि 'पी' यांच्यामध्ये नवी रेघ ओढली आणि सांगितले की, 'हेलिको' म्हणजे मळसूत्री, 'प्टर' म्हणजे पंख, आणि दोन्ही मुळे ग्रीक आहेत. उच्चारात तिसरे सिलॅबल मिटवणारा 'पी' अर्थाच्या फोडीत पंख उघडतो, हे पाहून मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो.

'इल्लीगल'मध्ये दोन 'एल' का, याचे उत्तरही त्यांनी मराठीतून दिले: उत् आणि लेख मिळून जसा उल्लेख होतो, तसा 'नाही' या अर्थाच्या 'इन्'मधला 'एन' पुढच्या 'लीगल'मधल्या 'एल'सारखा होतो. उच्चारात एकच 'एल' ऐकू येतो, स्पेलिंगमध्ये मात्र दोन्ही टिकतात. एकच 'एल' लिहिण्याची माझी चूक पुन्हा कधीही झाली नाही.

आज मी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. 'इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम' पाहून पहिल्या वर्षाची मुले दबकतात, तेव्हा मी दोनच रेघा ओढतो: वीज, मेंदू, नोंद. शब्द मोबाइलकडून वदवून घेण्याची सवय आता सर्वत्र झाली आहे. उच्चार त्यातून मिळतो, परंतु रेघ कोठे ओढायची हे कळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या पाठ्यपुस्तकात यातले काहीच नव्हते. बाईंनी हे सारे कोठून मिळवले होते, ते विचारायचे मात्र राहून गेले.