आम्हाला यातलं काय कळतं?

'जनुकबदल केलेली पिकं हा शास्त्रज्ञांचा विषय. त्यात लोकांची मतं मागवून काय मिळतं?' तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नकार्यात कुणाला कळलं की मी कापूसवाला आहे आणि या विषयावर बोलतो, की जेवणाच्या पंगतीत हा प्रश्न ठरलेलाच. विचारणारा बहुतेक वेळा शिकलेला असतो, आणि त्याचं अर्धं बरोबरही असतं. बीटी पिकांतलं अळी मारणारं क्राय-वन-एसी हे प्रथिन माणसाच्या पोटात काय करतं, हे हात वर करून ठरवता येत नाही.

पण बीटी कपाशीच्या, म्हणजे एका जिवाणूचं जनुक घालून अळीला मारक केलेल्या कपाशीच्या, पाकिटाचंच बघा. ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, बिगर-बीटी बियाण्याची. नियम असा, की शेताच्या कडेने या पुडीतल्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांतलं जे जास्त भरेल तेवढं लावायचं. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, बीटीला दाद न देणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर व्हावा आणि प्रतिकारशक्ती लवकर फैलावू नये, हा हिशेब. शास्त्र म्हणून बिनचूक. पण तीन एकरवाल्याला तुम्ही सांगताय, की पाचव्या हिश्श्यात मुद्दाम अळी पोस! आमच्याकडे त्या पुड्या धुऱ्यावर फेकलेल्या दिसायच्या. कुणी कपाशीऐवजी कडेने तूर लावली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरली, त्याला कारणं बरीच होती. लांबलेला हंगाम होता, फरदड होती, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच झाडं राखून पुढे घेतलेलं पीक. ही न लावलेली पुडीही त्यात होती. पुढे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. कोरडवाहू गावातल्या कोणत्याही बाईला आधी विचारलं असतं, तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की ही पुडी कुणी लावणार नाही. तिला जनुक कळत नसेल, पण घरातलं कोण काय पेरील हे तिच्याइतकं कोणत्याही समितीला कळत नाही.

आपल्या देशात एकदा खरंच विचारलं गेलं. जालन्याच्या महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्याला जीईएसी या जनुकबदल पिकांची छाननी करणाऱ्या केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सही करण्याआधी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. कोलकात्यापासून सुरुवात, बंगळुरूला शेवट, आणि मध्ये २७ जानेवारी २०१० ला आपलं नागपूर. गोंधळ झाला, घोषणा झाल्या, दोन्ही बाजूंनी माणसं जमवली गेली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक, बियाणेवाले एकाच सभागृहात मंत्र्यासमोर बोलले. ९ फेब्रुवारीला स्थगिती आली, तीही कारणांसकट, आणि ती कारणं कुणालाही वाचता येतील अशी जाहीर झाली.

माझी तक्रार स्थगितीबद्दल नाही, तिच्यानंतरच्या शांततेबद्दल आहे. स्वतंत्र चाचण्या होऊन विश्वास बसेपर्यंत थांबू, असं म्हटलं होतं. पंधरा वर्षं उलटली, वांगं तिथेच. बांगलादेशाने २०१४ मध्ये तेच लावायला घेतलं. लोकांना विचारायचं आणि मग फाईल बासनात बांधायची, याने विरोधकाचंही समाधान होत नाही आणि समर्थकाचंही.

मोहरीच्या वेळी तर विचारण्याचाही देखावाच. २०१६ मध्ये डीएमएच-११ या जनुकबदल केलेल्या मोहरीच्या वाणावर तीस दिवसांत हरकती मागवल्या. संकेतस्थळावर सुरक्षिततेचा अहवाल इंग्रजीत, आणि सगळी मूळ कागदपत्रं पाहायची तर दिल्लीला मंत्रालयात जा. राजस्थानातल्या अलवरच्या मोहरीवाल्याने जायचं?

विचारलं नाही म्हणून निर्णय थांबतो असंही नाही. तो धुऱ्यावर होतो. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक सोसणारी कपाशी आमच्या भागात बिनबिलाची येते. लोक तिला चोरबीटी म्हणतात. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ती दिवसाढवळ्या, जाहीर करून पेरली. तेव्हा कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होता. मला ते बियाणं पटत नाही. फसवणूक झाली तर पावती नाही, म्हणजे भरपाईही नाही. पण सुनावणीत बसायला जागा न मिळालेल्या माणसाने तिफणीने दिलेलं मत ते होतं, एवढं मात्र मानतो.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मोहरीवर एकमत झालं नाही. पण संबंधितांशी आणि राज्यांशी बोलून राष्ट्रीय धोरण आखा, हे दोघांनीही केंद्राला सांगितलं. जेव्हा त्या धोरणाचा मसुदा येईल आणि हरकती मागवल्या जातील, तेव्हा जनुकावर लिहू नका. बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागणार का, किमतीवर कुणाचा लगाम, पीक फसलं तर कुणाच्या दारात जायचं, शेजाऱ्याच्या सेंद्रिय शेतात परागकण गेले तर नुकसान कोण भरणार, बाजारात लेबल असणार का, हे विचारा. मराठीत लिहा. आणि सुनावणी पेरणीच्या तोंडावर ठेवली, तर ती वैशाखात घ्या अशी पहिली हरकत तिथेच नोंदवा.