वाफसा येईपर्यंत

मागच्या वर्षी परतीचा पाऊस थांबला आणि दुसऱ्याच दिवशी मी कुदळ घेऊन परसात उतरले. ऊन पडलं होतं, माती मऊ लागत होती, खणायला हीच वेळ बरी असं मला वाटलं. दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा दोन रविवारांत खणून काढला. आठवडाभरात त्याची नारळाएवढी ढेकळं झाली, खोऱ्याच्या पाठीने मारलं तरी फुटेनात. त्यातच मेथी पेरली, धने टोचले, टोमॅटोची बारा रोपं विकत आणून लावली. मेथी ढेकळांच्या फटींतून ठिगळांसारखी उगवली. धने आलेच नाहीत. टोमॅटोची रोपं जमिनीलगत काळी पडून एकेक करून कोलमडली. मी रोज पाणी घालत होते आणि रोज एखादं रोप आडवं दिसत होतं. खूप जीव तुटला त्या वेळी.

आमचं घर लातूरला, गावाबाहेरच्या नव्या वस्तीत. बांधकामाच्या वेळी पुढच्या अंगणात मुरूम भरला, मागची मूळची काळी जमीन मात्र तशीच राहिली. ती जमीन कशी वागवायची, हे मला यंदा मामांनी शिकवलं. मामा म्हणजे माझे सासरे. औसा तालुक्यात त्यांची शेती आहे. नवरात्रासाठी ते आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे आले, त्याच्या आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता. सकाळी मी पुन्हा कुदळ उचलली.

"आता गं पोरी, चिखल कालवायलीस का वाफे करायलीस?" मामा ओट्यावरून म्हणाले.

ते खाली आले, मूठभर माती उचलून आवळली आणि कमरेच्या उंचीवरून गोळा सोडून दिला. गोळा थप्पकन पडला, चपटा झाला, फुटला नाही. त्यावर त्यांच्या चारही बोटांचे ठसे तसेच होते. "वाफसा नाही आला अजून. ठेव कुदळ."

वाफसा हा शब्द लहानपणापासून कानावरून गेलेला, पण तो हातात कधी धरला नव्हता. काळ्या मातीत चिकण फार. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आकसून तिला भेगा पडतात. ओली असताना तुडवली किंवा खणली तर आतल्या हवेच्या जागा दबून जातात आणि वाळल्यावर ती विटेसारखी होते. पूर्ण वाळू दिली तर टिकावही उसळून येतो. या दोन्हींच्या मधे जे थोडे दिवस मिळतात, ज्यात ओल असते आणि हवाही असते, तो वाफसा.

दुसऱ्या दिवशी घट बसले. आमच्याकडे शेतातली काळी माती चाळून पत्रावळीवर पसरतात, तीत गहू, ज्वारी, करडई, जवस, हरभरा पेरतात आणि मधे पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. तिसऱ्या माळेला गव्हाचे पांढुरके कोंब वर आले, पाचव्या माळेला बोटभर झाले. मी दरवर्षी हे बघते, यंदा बसून बघितलं. त्या मातीवर वरून कुणी तांब्या ओतत नाही. घटातून जेवढं झिरपतं तेवढंच पाणी, माती भुसभुशीत, बोट सहज आत जाणारी. देवघरात वाफसा नऊ दिवस टिकला होता आणि परसात मी तो येऊही देत नव्हते.

रोज सकाळी मी मूठ आवळून गोळा टाकून बघत होते. सहाव्या माळेला पुन्हा एक सर आली, पुन्हा थांबले. खंडेनवमीला कुदळ, खुरपं, खोरं धुऊन पुजली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोळा जमिनीवर पडला आणि विखुरला. त्याच दिवशी खणायला घेतलं, आणि खरंच, कुदळ लोण्यात गेल्यासारखी जात होती.

दोन गादीवाफे केले, तीन फूट रुंद, वीतभर उंच. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यावर पाय पडत नाही. प्रत्येकी चार घमेली जुनं शेणखत घातलं. मामांनी ते चुरून, हुंगून बघितलं. शेणाचा वास राहिलेलं खत नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

धन्यांचं सविस्तर सांगते, कारण खूपजणी तिथेच हरतात. एका धन्यात दोन बिया असतात. अख्खा टाकला तर कवच लवकर भिजत नाही. मामांनी धने पोत्यावर पसरले आणि जुन्या चपलेच्या तळाने हलके रगडले. पीठ करायचं नाही, नुसते दोन फाके व्हायला हवेत. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी सावलीत सुकवले आणि अर्धा इंच खोल ओळीने पेरले. नवव्या दिवशी पहाटे बॅटरी घेऊन गेले, तर मातीला केसासारखा तडा गेलेला आणि त्यातून वाकलेली पांढरी मान वर येत होती, डोक्यावर कवचाची टोपी तशीच.

मेथीचं बी मुंग्या पळवतात, म्हणून ते राखेत घोळून पेरलं. ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपांना सोसत नाही, म्हणून चार काठ्यांना जुनं सुती लुगडं बांधून दुपारपुरती सावली केली. टोमॅटोची दहा रोपं संध्याकाळी लावली आणि रोजचं पाणी बंद केलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं, आत ओल लागली तर झारी उचलायची नाही. काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे तीन-चार दिवसांनी पाणी पुरतं. दहातली नऊ जगली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेलं हे शहर आहे, इथे बागेला नळ सोडून देणं मला जमणार नाही. तांदूळ-डाळी, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवते, बहुतेक तेच पुरतं.

मेथीची पहिली खुडणी महिन्याभरात झाली. दिवाळीनंतर रिकाम्या ओळींत पुन्हा मेथी, बारके कांदे पातीसाठी, आणि कडेने लसूण लावला, पाकळीचं टोक वर ठेवून.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, शेतात गेलो तेव्हा पिशवीभर मेथी आणि कांद्याची पात बरोबर नेली. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबील निघालं. भज्जीत तूर, हरभरा, वाल सगळं शेतातलं, मेथी मात्र माझी. आत्याबाईंनी पात निवडायला घेतली. मुळांना चिकटलेली माती मामांनी दोन बोटांत धरली, ती सहज चुरली, तशी त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

लसूण अजून जमिनीत आहे. होळीच्या सुमारास पात पिवळी पडून मान टाकेल, तेव्हा काढेन.