सोंगी मुखवटे समुद्रावर नेताना : माझा अनुभव

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका गावात उन्हाळ्यात लोककलांचा महोत्सव भरतो आणि यंदा त्यात आमच्या गावच्या सोंगी मुखवटे पथकाने नृत्य सादर केले. माझे गाव सुरगाणा तालुक्यात आहे. नोकरीमुळे मी नाशिकला म्हसरूळला राहतो, त्यामुळे पत्रव्यवहार, मंडळींची जुळवाजुळव, प्रवास आणि संयोजकांशी बोलणी ही सगळी जबाबदारी माझ्याकडे आली. डोंगरातले नृत्य समुद्रकाठी नेताना कोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो, हे आमच्यानंतर जाणाऱ्या पथकांना माहीत असावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सोंगी मुखवटे हे चैत्रातले नृत्य आहे. होळी झाली की आमच्याकडे सोंगांचे दिवस सुरू होतात आणि चैत्र पौर्णिमेला, म्हणजे सप्तशृंग गडावर चैत्रोत्सवाची यात्रा भरलेली असते त्याच सुमारास, देवीच्या पूजेला जोडून ही सोंगे निघतात. काळभैरव आणि वेताळ यांचे मुखवटे असतात, दोघे जण नरसिंहाचे सोंग घेतात आणि हातांत काठ्या घेतलेले नाचे त्यांच्याभोवती फिरतात. साथीला संबळ, ढोल आणि पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य. वाईटावर मिळवलेल्या विजयाचा तो आनंद असतो, त्यामुळे नृत्याला चढत जाणारी लय आहे. आरंभी पावले संथ पडतात, संबळ जसा तापत जातो तशा काठ्या वेगाने एकमेकींवर पडू लागतात आणि नरसिंह रिंगणात उतरेपर्यंत पाहणाऱ्यांचेही पाय थांबत नाहीत. उदयपूर आणि नागपूर येथील क्षेत्र सांस्कृतिक केंद्रांच्या कार्यक्रमांतून हे नृत्य महाराष्ट्राबाहेरही पोहोचलेले आहे. तरीही प्रत्येक गावाची रीत वेगळी असते आणि ती त्या गावालाच विचारावी लागते.

निमंत्रण आल्यावर पहिला प्रश्न आला तो मुखवट्यांचाच. आमच्या गावात मुखवटा अंगावर घेण्याआधी त्याची पूजा होते, नारळ फुटतो आणि उत्सव संपला की तो पुन्हा जागेवर ठेवला जातो. महोत्सव होता वैशाखात. चैत्र सरल्यानंतर देवाचे मुखवटे गावाबाहेर, तेही तिकडे समुद्रावर, न्यावेत की नाही यावर गावात बैठक बसली आणि ती रात्री उशिरापर्यंत चालली. तरुणांचे म्हणणे होते की आपले नृत्य लोकांनी पाहिले पाहिजे. जाणत्यांचे म्हणणे होते की पाहिले पाहिजे हे खरे, पण देव मांडवात उभा करून टाळ्या घ्यायच्या नाहीत. मला दोन्ही बाजू पटत होत्या. शेवटी भगतबाबांनी तोड काढली. पूजेतले मुखवटे गावातच राहतील. महोत्सवासाठी वेगळे मुखवटे घडवायचे, त्यांवर रंग तोच, चेहरा तोच, पण ते पूजेत ठेवायचे नाहीत. कागदाचा लगदा आणि खळ वापरून गावातल्याच कारागिराने ते तयार केले. हे मुखवटे वजनाला हलके झाले, त्याचा नाचणाऱ्यांना पुढे फार उपयोग झाला. कोणत्याही पथकाने महोत्सवाचे पत्र स्वीकारण्याआधी गावाची बैठक घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण नंतर उपटलेला वाद प्रवासात बरोबर येतो.

सरावाची वेळ ठरवणे हे दुसरे काम. आमच्या भागातील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर दिंडोरी, निफाड भागात द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि बागा उतरल्यावर परत येतात. परत आल्यावर लगेच राब भाजण्याची, म्हणजे भात आणि नागलीची रोपे टाकण्याआधी जमीन भाजून तयार करण्याची घाई असते. या दोन कामांच्या मधला काळच आम्हाला मिळणार होता. पथकातील काही मुले नाशिकला वसतिगृहात राहून शिकतात. त्यांचा सराव मी पेठ रोडच्या एका मैदानावर घेत असे आणि गावातल्यांचा सराव गावात चालत असे. दोन्ही गट एकत्र आले तेव्हा फरक स्पष्ट दिसला. शहरातल्या मुलांची पावले मोजून पडत होती, गावातल्यांची पावले संबळाकडे कान देऊन पडत होती. आमचे संबळ वाजवणारे काका वयाने सगळ्यांत मोठे. त्यांनी मुलांना काठ्या खाली ठेवायला लावल्या आणि नुसते बसून वाजवणे ऐकायला सांगितले. संध्याकाळभर मुलांनी तेवढेच केले. दुसऱ्या दिवशी उभे राहिल्यावर बदल मलाच नव्हे, मुलांनाही जाणवला.

संयोजकांशी झालेली बोलणी मात्र सोपी नव्हती. पहिल्या पत्रात सादरीकरणाला सहा मिनिटे दिलेली होती आणि शक्य असल्यास संगीत आधी ध्वनिमुद्रित करून आणावे असे सुचवले होते. आमच्या नृत्यात वाजवणारा आणि नाचणारा एकमेकांकडे पाहून पुढे जातात; नरसिंहाचे सोंग कधी रिंगणात उतरणार हे त्या दिवशीचा नाच ठरवतो, आणि तो क्षण आल्यावर संबळ बोल बदलतो. ध्वनिमुद्रण वापरले तर हे नातेच तुटते. मी सविस्तर पत्र लिहिले. वादक समोर बसून वाजवतील, वेळ किमान पंधरा मिनिटे लागेल, वेताळ आणि काळभैरव यांची सोंगे गाळता येणार नाहीत, निवेदकाने नृत्याची माहिती आमच्याकडून लिहून घ्यावी आणि चकचकीत पोशाखाची सक्ती असू नये, असे मुद्दे त्यात मांडले. आठवडाभर उत्तर आले नाही तेव्हा गावातून रोज विचारणा होऊ लागली. उत्तर आले ते अनुकूल होते. पंधराऐवजी बारा मिनिटे मिळाली आणि बाकी सर्व अटी मान्य झाल्या. लोककलेच्या पथकांनी मिळेल ते स्वीकारावे अशी एक सवय लागलेली आहे, ती मोडली पाहिजे असे मला मनापासून वाटते. संयोजकांना बहुधा माहिती नसते. नीट लिहून कळवले तर ते ऐकतात. सर्वांची ओळखपत्रे, अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांची संमतिपत्रे आणि मानधन कोणाच्या खात्यावर जमा होणार याची नोंद हे सगळे त्याच पत्रासोबत जोडले होते.

प्रवासात सर्वांत जास्त जपावी लागली ती पावरी. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे शिंगाचा कर्णा असे हे वाद्य असते आणि त्याचे सांधे मधमाशीच्या मेणाने बंद केलेले असतात. मेण पूर्ण वितळायला साठ अंशांहून अधिक उष्णता लागते, पण मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते, सांधा सरकतो, हवा निसटू लागते आणि सूर फाटतो. आम्ही नाशिकहून पहाटे निघालो, त्र्यंबकेश्वरनंतर तोरंगण घाट उतरून मोखाडा, जव्हार, विक्रमगड असा रस्ता धरला आणि ऊन चढण्याआधी बहुतेक अंतर कापले. पावरी सामानात न टाकता वादकाने ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. वेगळ्या डबीत थोडे मेणही बरोबर घेतले होते आणि त्याची गरज पडलीच.

संबळाची अडचण उलट्या दिशेने आली. आमच्याकडे उन्हाळ्याची हवा कोरडी असते, कातडे ताणलेले राहते आणि संबळ खणखणीत बोलतो. समुद्रकाठी पोहोचल्यावर दुपारपर्यंतच कातड्याने हवेतला ओलावा धरला, ताण उतरला आणि आवाज बसला. गावात अशा वेळी गवताचा जाळ करून वाद्य शेकतात. मांडवाजवळ आग पेटवायला मनाई होती आणि ती योग्यच होती. काकांनी दोरी आवळून पाहिली, त्याने थोडाच फरक पडला. शेवटी विद्युत विभाग सांभाळणाऱ्या मुलाने मंचामागे एक मोठा हॅलोजन दिवा लावून दिला आणि त्याच्या उष्णतेत संबळ आळीपाळीने दोन्ही बाजूंनी धरून ठेवला. नृत्याच्या अगदी आधी तो तापला पाहिजे, फार आधी तापवून उपयोग नाही. हवा लागली की तो पुन्हा उतरतो. त्यासाठी आमच्या आधीच्या पथकाचे नृत्य संपेपर्यंत काका दिव्यापाशीच बसून राहिले.

मंच पाहिल्यावर मात्र आम्ही सगळेच विचारात पडलो. फळ्यांचा उंच मंच, समोर खुर्च्या आणि तिन्ही बाजूंनी पडदे. आमचे रिंगण त्यावर मावत नव्हते, आणि मावले असते तरी समोर बसलेल्यांना अर्ध्या नाच्यांच्या पाठीच दिसल्या असत्या. एका कार्यकर्त्याने दोन रांगा करून प्रेक्षकांकडे तोंड करून नाचण्याची सूचना केली. मुलांनी तसे नाचून पाहिले. काठ्या वाजत होत्या, पावले बरोबर होती, पण नरसिंहाला उतरायला मध्ये जागाच उरत नव्हती आणि काकांना निम्मे नाचे दिसत नव्हते. हे नृत्य रिंगणाचेच आहे.

वाट दाखवली ती तिथल्या मांगेला या मासेमारी करणाऱ्या समाजाच्या मंडळींनी. त्यांचे पथकही महोत्सवात होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या ओढून घेण्याची त्यांची तयारी सुरू झाली होती आणि दिवसभराचे ते काम उरकून ते नाचायला आलेले होते. त्यांच्यातील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "तुम्ही खाली वाळूवर का नाचत नाही?" मी म्हणालो, कोरड्या वाळूत पाय रुततात, पाऊल उचलत नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की पौर्णिमेच्या सुमारास या किनाऱ्यावर भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते, संध्याकाळी ओहोटी असते आणि पाणी लांबवर मागे गेल्यावर जी ओली वाळू उघडी पडते ती अंगणासारखी घट्ट असते. आमची वेळ दिवेलागणीची होती. ते स्वतः मला घेऊन गेले, टाच आपटून जागा दाखवली आणि संयोजकांशीही तेच बोलले. दोन दिवे खाली वळवले गेले, एक माइक पावरीजवळ आला आणि लोक खुर्च्या सोडून गोल उभे राहिले.

त्यानंतरची बारा मिनिटे आमच्या मुलांना आयुष्यभर पुरतील. ओल्या वाळूवर पावलांचा आवाज गावातल्या जमिनीइतका येत नाही, ही एकच उणीव होती. ती काठ्यांनी भरून काढली. मुखवट्याच्या छिद्रांतून फार थोडे दिसते, म्हणून वेताळाचे सोंग घेतलेल्या मुलाशेजारी एक काठीवाला सतत ठेवला होता. नरसिंह उतरले तेव्हा गर्दी आपोआप दोन पावले मागे सरली आणि लहान मुले आईच्या पदराआड गेली, अगदी आमच्या गावात जातात तशीच. आमच्यानंतर जव्हारकडच्या वारली पथकाचा तारपा नाच झाला, तोही खाली वाळूवरच. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य; ते वाजवणाऱ्याकडे पाठ न करता फिरणारी त्यांची साखळी मंचावर कशी बसवली असती, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच. मग मांगेला पथकाने वल्ही मारण्याच्या हालचालींचे आपले नृत्य केले आणि आमची मुले त्यांच्या मागे उभी राहून ती पावले शिकू लागली.

मानधन ठरल्याप्रमाणे खात्यावर आले. गाडीभाडे, जेवण आणि मुखवटे घडवणाऱ्या कारागिराची मजुरी वजा करून उरलेली रक्कम वादक आणि नाचे यांच्यात समान वाटावी असे बैठकीत ठरले होते, तशीच ती वाटली. संबळाच्या नव्या कातड्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवली आहे. पुढच्या वर्षीसाठी संयोजकांनी आताच विचारणा केली आहे. आमच्याकडून गेलेल्या उत्तरात जुन्या अटींबरोबर दोन नव्या अटी लिहिल्या आहेत : नृत्य मंचावर न होता ओहोटीच्या वेळी वाळूवर व्हावे आणि तारीख शक्यतो पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या जवळची असावी. राब भाजण्याचे दिवस टाळावेत, हेही कळवले आहे.