एक मशीन की दोन? तुम्ही विचारलंत म्हणून

हल्ली लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, लग्नात, अगदी दशक्रियेला गेले तरी कोणीतरी मला हळूच बाजूला घेतं आणि विचारतं, की आम्हाला दोन्ही कानांना मशीन लावा म्हणून सांगितलंय, पण एकावर भागणार नाही का हो? आणि हे विचारताना माझ्या कानाशी तोंड आणून ओरडतात. अहो, माझी दोन्ही मशीनं चालू आहेत, तुमचीच बंद आहेत! असो. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी पण आधी एकच लावलं होतं. अडीच वर्षं.

बँकेत कॅशियर होते मी, काचेच्या मागे. रिटायर व्हायच्या आधीची दोनेक वर्षं काचेपलीकडचा माणूस म्हणायचा "साठ हजार" आणि मला ऐकू यायचं "आठ हजार". स्लिपवर आकडा असतो म्हणून नोकरी निभावली. तेव्हा वाटायचं लोक पुटपुटतात. नंतर कळलं की वयाने कान जातात ते असेच, आधी बारीक आवाज जातात, स, श, फ, थ वगैरे, आणि जाड आवाज, म्हणजे आ ई ऊ, ते राहतात. त्यामुळे बोलतायत हे कळतं, काय बोलतायत ते कळत नाही. 2018 ला शेवटी तपासणी केली. ऑडिओग्रामचा, म्हणजे किती ऐकू येतं त्याच्या आलेखाचा, कागद हातात आला, 250 हर्ट्झच्या जाड आवाजापासून 8000 हर्ट्झच्या बारीक आवाजापर्यंत, त्यात उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या जवळजवळ एकमेकांच्या डोक्यावर बसलेल्या, आणि दोन्ही रेघा शेवटी कसारा घाट उतरल्यासारख्या खाली. कान तपासणारी ऑडिओलॉजिस्ट मुलगी म्हणाली, काकू दोन्ही कान सारखे गेलेत, दोन घ्या. मी मनात म्हटलं, झालं, धंदा सुरू.

वर तिने तो चष्म्याचा दाखला दिला, चष्म्याला एकच काच लावता का. हा दाखला मला नंतर प्रत्येकाने दिला आणि मला तो कधीच पटला नाही, एक डोळा झाकून पेपर वाचता येतोच की. तर मी एकच घेतलं, 42 हजाराला, उजव्या कानाला, कारण फोन उजवीकडे धरायची सवय.

आणि मग माझं सगळं आयुष्य बसायच्या जागेवर येऊन ठेपलं. जेवायला मी टेबलाच्या डाव्या टोकाला, म्हणजे सगळे उजवीकडे येतात. नाटकाला तिकीट काढताना डावीकडची खुर्ची. आमचे हे फिरायला निघाले की न सांगता माझ्या उजवीकडे यायला लागले. गाडीत काही अडचण नव्हती, आपल्याकडे चालवणारा उजवीकडेच बसतो. पण मुलाकडे अमेरिकेला गेले तर तिथे चालवणारा डावीकडे! तीन आठवडे तो गाडीत काय काय बोलला देव जाणे, मी आपली हं हं करत होते, त्या हं हं मध्ये मी एका कसिनोला जायलाही हो म्हणून बसले होते हे तिथल्या पार्किंगमध्ये उतरल्यावर कळलं.

पण खरा घोळ कुकरचा. आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलं की स्वयंपाकघर उजव्या हाताला, आणि शेजारच्या वहिनींचं डक्टमधून डाव्या हाताला. एका मशीनवर जगात जेवढे आवाज होतात ते सगळे उजवीकडून येतात. कुत्रं भुंकलं उजवीकडे, बेल वाजली उजवीकडे, वहिनींच्या कुकरची शिट्टी झाली तरी उजवीकडेच. मी तीन शिट्ट्या मोजून उठायचे, गॅस बंद करायचे, आणि डाळ कच्ची. आठवड्यातून दोनदा. ह्यांनी कुकर बदलायला सांगितला, गॅसकेट बदललं, डाळीचा दुकानदार बदलला. दोष कानाचा आहे हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मग एकदा सीबीएसच्या, म्हणजे बसस्टँडच्या, सिग्नलला रिक्षा डावीकडून हॉर्न देत आली आणि मी ती चुकवायला डावीकडेच सरकले. रिक्षावाल्याने जे सुनावलं ते मात्र व्यवस्थित ऐकू आलं.

यामागचं गणित असं आहे. आवाज डावीकडून आला की उजव्या कानात तो अगदी किंचित उशिरा पोचतो, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी फरक, आणि मेंदू तेवढ्यावर दिशा ओळखतो. त्यात मधे आपलं डोकं येतं. जाड आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडे जातात, बारीक आवाज अडतात. म्हणजे डावीकडून कोणी "साठ" म्हटलं तर माझ्या उजव्या मशीनपर्यंत परत "आठ"च! 42 हजार घालून परत काचेमागेच जाऊन बसले की मी. आणि दोन्ही कानांनी ऐकलं की तोच आवाज आपोआप थोडा मोठा वाटतो, त्यामुळे दोन्ही मशीनं कमी आवाजावर ठेवता येतात. एकट्या मशीनचा आवाज मी वाढवत बसायचे आणि ते कुईं करून शिट्टी मारायचं. कुकर परवडला.

अडीच वर्षांनी परत तपासणी झाली. त्यात फक्त टूं टूं आवाज ऐकवत नाहीत, शब्दही म्हणायला लावतात. टूं टूं दोन्ही कानांना पूर्वीइतकंच आलं, पण शब्दांना उजवा कान पास आणि डावा नापास. ऑडिओलॉजिस्ट म्हणाली पाट, मी म्हटलं काठ. ती म्हणाली फूल, मी म्हटलं मूल. मला खरंच रडायला आलं, कारण आवाज येत होता. ती म्हणाली कान वापरला नाही की मेंदूची त्या कानाचे शब्द सोडवायची सवय सुटते, सगळ्यांचं होतं असं नाही पण बऱ्याच जणांचं होतं, 1984 सालापासून यावर अभ्यास झालेत. या कानाने ऐकावं आणि त्या कानाने सोडून द्यावं म्हणतात ना, माझा 'तो' कानच बसला होता. मला वाटत होतं डावं नंतर घेऊ, पैसे आले की घेऊ, कान काय कुठे पळून जातोय.

दुसरं घेतलं. पहिले दोन महिने डावीकडून नुसता कलकलाट, शब्द नाहीत, मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखं. तीन वेळा परत द्यायला निघाले होते. मग एके दिवशी रिक्षात डावीकडे बसलेली नात म्हणाली "आजी, साखर संपलीये" आणि मला साखर ऐकू आलं. पूर्ण नाही भरून आलं ते, डावा अजूनही कच्चा आहे. पण शिट्टी कोणाची ते कळायला लागलं.

आता दोनचा त्रासही सांगते, नाहीतर म्हणाल मला कमिशन मिळतं. खर्च डबल. सेल डबल, माझा 312 नंबरचा, तपकिरी स्टिकरवाला, स्टिकर काढलं की हवा लागून चालू होतो, साधारण आठवडाभर जातो. पावसाळ्यात दोन्हीला रात्री सिलिका जेलच्या डबीत झोपवायचं. मळ अडकतो तो दोन्हीकडे. चिवडा खाताना डोक्यात रस्त्याचं काम चालू आहे असं वाटतं. आणि मंगल कार्यालयात बँड लागला की मी डावं काढून पर्समध्ये ठेवते, सरळ. कोणी रागावत नाही.

आणि सगळ्यांना दोन लागतात असंही नाही. माझे धाकटे दीर, त्यांना दोन लावून गर्दीत एकापेक्षा कमी समजायचं. आम्हाला वाटलं हट्ट करतायत, पण तपासून बघितलं तर खरंच तसं निघालं, काही वयस्कर लोकांत दोन कानांचा आवाज एकमेकांत भांडतो. ते एकच लावतात आणि मजेत आहेत. एक कान ठणठणीत असेल तर त्याला मशीन कशाला. एक अगदीच गेलेला असेल तर त्याला साधं मशीन लावून उपयोग नाही, त्याचे उपाय वेगळे. कान वाहत असेल तर आधी डॉक्टर. आणि एकच कान अचानक गेला, किंवा एकाच कानात सारखं गुंई वाजतंय, तर मशीनच्या दुकानात जाऊच नका, ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, गाठा. अचानक गेला असेल तर त्याच दिवशी, उद्या परवा नाही.

बाकी ज्यांचे दोन्ही कान सारखेच गेलेत त्यांना माझं मत विचाराल तर दोन, आणि पैशांमुळे दोन महागडी जमत नसतील तर दोन साधी बघा, एकच भारीतलं घेऊन बसू नका, ती चूक मी केली. फक्त ट्रायल मागा, आणि ट्रायल त्या एसी केबिनमध्ये नको, तिथे सगळ्यांनाच सगळं ऐकू येतं. घरी न्या दोन आठवडे. एक दिवस एक, एक दिवस दोन. पंखा लावा, टीव्ही लावा, नातवंडांना भांडू द्या, माणसांना दोन्ही बाजूंना बसवा. कुकर लावा.

काल आमची डाळ परत कच्ची राहिली. हे म्हणाले, दोन लाव म्हणून जगाला सांगत फिरतेस ना? सेल बदलला की त्याचं तपकिरी स्टिकर मी कालनिर्णयवर त्या तारखेला चिकटवते. जाऊन बघितलं तर डाव्याचं 8 तारखेला चिकटलेलं, आणि काल होती 17. सेल संपत आला की मशीन टुंटुं करतं, ते मला आलंही होतं ऐकू, पण मी मोबाईल शोधत बसले.