सांडलेल्या डबीनंतरची मांडणी: फ्लाय टाइंगचे गळ घरी कसे ठेवावेत

फ्लाय, म्हणजे गळावर दोरा आणि पिसे बांधून केलेले मासेमारीचे नकली आमिष, बांधायला लागल्यानंतरची पहिली दोन वर्षे माझे सगळे गळ मूळ पाकिटांतच, पुठ्ठ्याच्या एका खोक्यात पडून होते. पंचवीस गळांची पाकिटे, शंभर गळांची पाकिटे, अर्धी उघडलेली आणि टेपने पुन्हा चिकटवलेली, अशी ती गर्दी होती. चौदा नंबरचा एक गळ हवा असला तरी प्रत्येक वेळी सगळे खोके उपसावे लागे. म्हणून मी चोवीस कप्प्यांची एक पारदर्शक डबी आणली, एका संध्याकाळी सगळे गळ तिच्यात ओतले आणि रिकामी पाकिटे टाकून दिली. ती पाकिटे टाकणे ही या सगळ्या प्रवासातली माझी सर्वांत मोठी चूक होती. तिचे परिणाम मात्र काही महिन्यांनी समोर आले.

डबी खणात आडवी असेपर्यंत सारे ठीक होते. एकदा सामान हलवताना ती पिशवीत उभी ठेवली गेली. घरी येऊन उघडली तेव्हा अठरा, वीस आणि बावीस नंबरचे गळ एकमेकांत मिसळलेले दिसले. कप्प्यांच्या भिंती आणि झाकण यांच्यात केसाएवढी फट असते, ती डोळ्यांना जाणवतही नाही, पण बारीक तारेचा गळ तिच्यातून सहज पलीकडे सरकतो. ते पाहण्याच्या घाईत डबी माझ्या हातून निसटली आणि उरलेले कप्पेही जमिनीवर रिकामे झाले.

गळांवर अनवाणी पाऊल पडू नये म्हणून मी आधी जमिनीवरून लोहचुंबक फिरवले. गळ भराभर गोळा झाले, पण गळांचे पोलाद हे कडक केलेले, कार्बनचे प्रमाण जास्त असलेले पोलाद असते आणि असे पोलाद एकदा आलेले चुंबकत्व लवकर सोडत नाही. पुढे कित्येक दिवस त्यांतला एक गळ उचलावा तर त्याच्या शेपटीला आणखी तीन लटकून येत. अनेक जण टेबलावर चुंबकाची थाळी ठेवतात आणि तिची उपयुक्तता मला मान्य आहे, पण बारीक गळ तिच्यावर दिवसेंदिवस ठेवू नयेत, असे माझे मत त्या दिवसापासून पक्के झाले. मी आता उंच काठाची साधी पांढरी थाळी वापरते आणि चुंबक फक्त जमिनीवरचे गळ शोधण्यासाठी बाजूला ठेवला आहे.

मिसळलेले गळ वेगळे करायला मला चार संध्याकाळी लागल्या. पहिली विभागणी रंगावरून केली: तांबूस, काळे आणि चंदेरी. दुसरी नेढ्यावरून, म्हणजे दोरा ओवायचे नेढे खाली झुकलेले आहे, वर वळलेले आहे की सरळ आहे यावरून. तिसरी दांड्यावरून: आखूड की लांब, सरळ की कमानदार. नंतर टोकामागचा उलटा काटा आहे की नाही हे पाहिले, कारण बिनकाट्याचे गळ मला निराळेच हवे होते. इथपर्यंत भिंग आणि चिमटा पुरेसा होता. खरी कसोटी मापाची होती. अठरा आणि वीस नंबरांच्या गळांच्या तोंडांत, म्हणजे टोक आणि दांडा यांच्यामधल्या अंतरात, मिलिमीटरच्या काही दशांशांचाच फरक असतो. व्हर्नियर कॅलिपरने एकेक गळ मोजून पाहिला, पण त्यात वेळ फार गेला आणि खात्रीही वाटेना. शेवटी मी माझ्या वहीत माप लिहून ठेवलेल्या जुन्या फ्लाय काढल्या, त्या चिकटपट्टीवर मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावल्या आणि प्रत्येक अनोळखी गळ त्या ओळीशेजारी धरून पाहिला. तुलना करताना डोळा जे क्षणात टिपतो ते आकड्यांनी मला सांगितले नव्हते.

टाकून दिलेल्या पाकिटांची किंमत मला तेव्हा कळली. गळाचा नंबर ही ऐकायला सोपी गोष्ट वाटते: नंबर वाढत जाईल तसा गळ लहान होत जातो, आणि एक नंबराच्या पलीकडे १/०, २/० असे मोजू लागलो की तो पुन्हा मोठा होत जातो. पण सर्व उत्पादकांना बांधून ठेवणारे एकच प्रमाण अस्तित्वात नाही. एका कंपनीचा सोळा दुसऱ्या कंपनीच्या सोळाशी तोंडाच्या रुंदीत किंवा दांड्याच्या लांबीत जुळेलच असे नाही. त्यातच पाकिटावरच्या २एक्सएल किंवा १एक्स फाइन अशा खुणा त्या त्या कंपनीच्या नेहमीच्या गळाच्या तुलनेत दिलेल्या असतात. पहिली दांडा लांब असल्याचे सांगते, दुसरी तार बारीक असल्याचे. त्यामुळे डबीवर नुसते ‘१६, निम्फ’ (निम्फ म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या अळीसारखी फ्लाय) लिहिणे अपुरे ठरते. ‘टीएमसी ५२६२, १६’ किंवा ‘मस्टॅड ९४८४०, १६’ असे कंपनीचे नाव आणि मॉडेल यांसह लिहिले, तरच पुढच्या वेळी तोच गळ मागवता येतो आणि जुन्या फ्लायसारखी दुसरी फ्लाय बांधता येते.

नव्या मांडणीत दहा आणि त्याहून बारीक गळांसाठी मी फिरकीच्या झाकणाच्या छोट्या पारदर्शक बाटल्या घेतल्या. प्रत्येक बाटलीत एकच मॉडेल आणि एकच नंबर असतो. स्ट्रीमरचे, म्हणजे छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या लांब फ्लायचे, चार, सहा, आठ नंबरांचे मोठे गळ मात्र जुन्या कप्प्यांच्या डबीतच राहिले, कारण ते त्या फटीतून जाऊ शकत नाहीत आणि बाटलीतून काढताना एकमेकांत अडकतात. पाकिटावरचा मॉडेल आणि नंबर असलेला तुकडा कापून मी सुरुवातीला बाटलीच्या आत ठेवत असे. एका बाटलीतल्या गळांवर गंजाचे तपकिरी ठिपके दिसले तेव्हा लक्षात आले की कागद हवेतला ओलावा शोषून घेतो आणि पोलादाला लागून बसतो. आता तो तुकडा बाहेरून, पारदर्शक टेपखाली चिकटवलेला असतो, आणि तोही बाटलीच्या अंगावर. दोन बाटल्या एकाच वेळी उघड्या असल्या की झाकणांची अदलाबदल होते, म्हणून झाकणावरच्या नावावर विसंबू नये.

बाटल्या कोणत्या क्रमाने लावाव्यात, यात मी एकदा चुकले. प्रथम नंबराप्रमाणे लावल्या: सगळे बारा एकत्र, सगळे चौदा एकत्र. दिसायला ते फार नेटके होते. पण बांधायला बसते तेव्हा माझ्या मनात ‘आज चौदा नंबर’ असा विचार नसतो, ‘आज निम्फ बांधायच्या आहेत’ असा असतो. आणि निम्फसाठी दहा ते अठरा या साऱ्या बाटल्या मला हाताशी लागतात. म्हणून आता आधी गळाचा प्रकार येतो: ड्राय फ्लायचे (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचे) बारीक तारेचे, निम्फचे जाड तारेचे, कमानदार दांड्याचे, स्ट्रीमरचे लांब दांड्याचे. प्रत्येक प्रकाराला एक रांग आहे आणि रांगेत डावीकडून उजवीकडे गळ लहान होत जातात. बाटल्या उभ्या राहाव्यात म्हणून खणात जाड फोमचा तुकडा घालून त्याला भोके पाडली आहेत.

गंजाबद्दल मी आता फार दक्ष असते. तांबूस गळावरचा लेप पातळ असतो आणि दमट हवेत तो फार काळ तग धरत नाही. खणात नारिंगी सिलिका जेलची पुडी ठेवली आहे; दाणे हिरवे झाले की ओलावा भरला असे समजून ते ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवते आणि परत ठेवते. वापरलेली फ्लाय, विशेषतः खाऱ्या पाण्यातून आलेली, गोड्या पाण्याने धुऊन आणि पूर्ण वाळवून वेगळ्याच डबीत जाते. मिठाचा अंश असलेला एक गळ जवळच्या चांगल्या गळांनाही खराब करू शकतो, म्हणून नव्या गळांच्या खणात वापरलेली एकही फ्लाय येऊ देत नाही.

बसण्यापूर्वी मोजून दहा-बारा गळ थाळीत काढते आणि बाटली लगेच बंद करते. एका वेळी एकच बाटली उघडी ठेवायची हा नियम मी थकलेली असतानाही मोडत नाही. उरलेले गळ बाटलीत परत टाकण्यापूर्वी बाटलीवरचा तुकडा मोठ्याने वाचते. तळाशी पाचच गळ उरले की त्या मॉडेलची नोंद वहीच्या शेवटच्या पानावर होते.

त्या चार संध्याकाळींनंतरही त्रेचाळीस गळ असे उरले की ज्यांचे मॉडेल मला कशाशीही जुळवता आले नाही. ते एका बाटलीत आहेत, तिच्यावर ‘सरावासाठी’ एवढेच लिहिले आहे, आणि नवी गाठ शिकताना वाइसमध्ये, म्हणजे गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंजात, पहिला गळ मी तिच्यातूनच लावते.